कारण कुठे ठेवलं?

राजकीय इतिहासाचे लोकप्रिय पॉडकास्ट उथळ असतात, हे मत मी कित्येक वर्षं बाळगलं. अभ्यासवर्गांत ते ठासून मांडलं आणि अनेक तरुण साथींनी ते माझ्याकडून घेतलंही. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते का बदललं, कितपत बदललं आणि त्यातला कोणता भाग मी अजूनही सोडलेला नाही, हे ज्यांच्यापुढे ते मांडत आलो त्यांच्यापुढेच सांगायला हवं. म्हणून हे मनोगत.

त्या मताची मुळं साधी आहेत. आमच्यापैकी बरेच जण डाव्या चळवळीत आले ते दामोदर धर्मानंद कोसंबी वाचत. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं त्यांचं १९५६चं पुस्तक आमच्या वर्गात पानापानाने चर्चिलं गेलं. उत्पादनाची साधनं आणि उत्पादनसंबंध यांत होत गेलेल्या बदलांची कालक्रमाने केलेली मांडणी म्हणजे इतिहास, ही त्यांची व्याख्या आम्हाला पाठ होती. राजाचं नाव काय होतं यापेक्षा त्या लोकांकडे नांगर होता की नव्हता हे कळणं महत्त्वाचं, हा त्यांचा आग्रह तर आमच्या विचाराचा पायाच झाला. सनावळ्या आणि सिंहासनं यांतून एकदा बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा राजांच्या गोष्टी ऐकवल्या, तर त्याने कान फिरवावेत हे स्वाभाविक होतं.

कानांवर येत होतं तेही तसंच वाटणारं होतं. टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक यांचा ‘द रेस्ट इज हिस्टरी’ २०२०मध्ये सुरू झाला आणि बघता बघता जगभर पोहोचला. २०२२मध्ये विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’ आला. त्याची सुरुवातच ईस्ट इंडिया कंपनीपासून झाली, त्यामुळे पुण्या-मुंबईतले कितीतरी तरुण तो ऐकू लागले. डाव्या वर्तुळांत या साऱ्या प्रकारावर जी टीका होते, ती मी माझ्या शब्दांत अशी मांडत असे: इथे इतिहास माणसांच्या स्वभावावर चालतो. राजा भित्रा होता, राणी उधळी होती, सेनापती हट्टी होता. संघर्ष दिसतो तो दोन माणसांतला, दोन वर्गांतला नाही. टायटॅनिक, केनेडींचा खून, जनरल कस्टरचा शेवट असे विषय आपसूक वर येतात, कारण ते मुळातच नाट्यमय आहेत. दर आठवड्याला नवे भाग द्यायचे, जाहिरातदार आणि वर्गणीदार सांभाळायचे, तर संथ विषय परवडत नाहीत. ऐकणाऱ्याला तळटीप दिसत नाही, पुरावा तपासता येत नाही. आणि सगळं इतक्या गोड आवाजात सांगितलं जातं की ऐकून संपल्यावर माणसाला आपल्याला सगळं कळलं असं वाटू लागतं.

या टीकेतलं एकही वाक्य मी खोटं म्हणणार नाही. पण तिचा जो निष्कर्ष मी काढत होतो, की हा प्रकारच उथळ आहे, तो टिकला नाही. त्याला पहिला धक्का माइक डंकन या अमेरिकी निवेदकाने दिला.

डंकनने आधी रोमचा इतिहास सांगितला, २००७ ते २०१२ या काळात. मग २०१३मध्ये ‘रेव्होल्यूशन्स’ सुरू केला. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, हैती, बोलिव्हारची दक्षिण अमेरिका, १८३०, १८४८, पॅरिस कम्यून, मेक्सिको, रशिया असा एकेका क्रांतीचा प्रवास २०२२पर्यंत चालला. सुरुवातीला एकेका क्रांतीला पंधराएक भाग पुरतील असा त्याचा बेत होता. रशियापर्यंत पोहोचताना तो मोडला आणि एकट्या रशियाला शंभरावर भाग लागले. त्यातही सुरुवात झारपासून नाही. मार्क्स, बाकुनिन आणि पहिली इंटरनॅशनल इथपासून आहे. एकच माणूस, समोर लिहून आणलेला मजकूर, ना पाहुणे ना गप्पा. मी हे ऐकायला घेतलं ते टीकेचं टिपण करायला. हैतीच्या पर्वात ते टिपण अडलं.

आमच्या वर्गात हैतीची क्रांती दोन-तीन वाक्यांत आटोपायची. फ्रेंच साम्राज्याची सर्वांत फायद्याची वसाहत, सुमारे पाच लाख गुलाम, १७९१चा उठाव, १८०४चं स्वातंत्र्य, जगातली एकमेव यशस्वी गुलामक्रांती. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला गुलाम. हे खरं आहे, आणि एवढंच सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही. कारण त्या बेटावर मळेवाले ‘मोठे गोरे’ होते, त्यांचा हेवा करणारे कारागीर आणि कारकून असे ‘छोटे गोरे’ होते, आणि जवळपास गोऱ्यांइतक्याच संख्येने मिश्रवंशीय आणि काळे स्वतंत्र लोक होते, ज्यांतले कित्येक स्वतःच गुलामांचे मालक होते. व्हिन्सें ओझे या मिश्रवंशीय पुढाऱ्याने १७९०मध्ये बंड केलं ते स्वतंत्र रंगीत लोकांना राजकीय हक्क मिळावेत म्हणून. गुलामी संपवणं ही त्याची मागणीच नव्हती. फेब्रुवारी १७९१मध्ये गोऱ्यांनी त्याला चाकावर हाडं मोडून ठार केलं. सगळे मालक आपापसांत झुंजत असताना ऑगस्टमध्ये उत्तरेच्या मैदानातले ऊसमळे पेटले. मग युद्ध आलं. स्पेन आणि ब्रिटन वसाहत गिळायला टपले आणि १७९३मध्ये फ्रेंच कमिशनर सोंतोना याने उत्तर प्रांतातली गुलामी रद्द केली, कारण ती रद्द केल्याशिवाय बेट हाती राहणार नव्हतं. पॅरिसच्या कन्व्हेन्शनने ४ फेब्रुवारी १७९४ला त्यावर शिक्का मारला. त्यानंतर उठावाचा सेनानी तुसें लूव्हेर्त्यूर स्पेनचा पक्ष सोडून फ्रान्सच्या बाजूला आला.

हा घटनाक्रम उलगडत गेला तसतसं मला दिसत गेलं की वर्ग इथे पुसला जात नाहीये, उलट आता कुठे तो हालचाल करताना दिसतोय. कोणता गट कधी कुणाशी जुळतो, कधी फुटतो, एकाच माणसाचं हित मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरं का होतं, हे तारखांशिवाय सांगताच येत नाही. आणि सर्वांत अवघड भाग पुढे आला. मुक्तिदाता तुसें सत्तेवर आल्यावर त्याने मुक्त झालेल्या लोकांना पुन्हा त्याच मळ्यांवर राबायला बांधून घातलं. शस्त्रं विकत घ्यायची तर साखर आणि कॉफी निर्यात व्हायला हवी होती, आणि साखर मळ्याशिवाय निघत नव्हती. लोकांना मात्र स्वतःच्या जमिनीचा तुकडा हवा होता. १८०१मध्ये शेतमजुरांचा उठाव झाला आणि त्याची बाजू घेतल्याबद्दल तुसेंने स्वतःचा पुतण्या, सेनापती मॉइझ याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी नेपोलियनची फौज उतरली तेव्हा तुसेंमागे पूर्वीसारखे लोक का उभे राहिले नाहीत, याचं उत्तर इथे आहे. सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८च्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’मध्ये याच जागेवर बोट ठेवलं होतं. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, मी त्याचा हवाला देत होतो. पण त्यातली ही गाठ मला नीट उमगली ती कुणीतरी मला ती क्रमाने सांगितली तेव्हा.

त्यानंतर मी मार्क्सकडे परत गेलो. ‘लुई बोनापार्टचा अठरावा ब्रूमेर’ १८५२मध्ये न्यूयॉर्कच्या एका जर्मन नियतकालिकासाठी लिहिला गेला. डिसेंबर १८५१च्या सत्तांतराला तेव्हा काही महिनेच झाले होते. त्याआधी त्यांनी फ्रान्समधल्या वर्गसंघर्षांवर लेखमाला लिहिली होती. दोन्हींत सिद्धान्ताचं वेगळं प्रकरण कुठेच नाही. सगळं विधानसभेच्या ठरावांतून, मतदानांतून, मंत्रिमंडळांच्या उठाबशांतून सांगितलेलं आहे. मार्च १८४८मध्ये हंगामी सरकारने प्रत्यक्ष करांवर फ्रँकमागे पंचेचाळीस सांतीमांची वाढ केली. तिचा भार शेतकऱ्यावर पडला. हे पैसे पॅरिसच्या कामगारांना पोसायला जातात असं त्याला सांगण्यात आलं, आणि प्रजासत्ताक म्हणजे जास्तीचा कर असं समीकरण त्याच्या मनात बसलं. त्याच शेतकऱ्याने डिसेंबरमध्ये लुई बोनापार्टला भरभरून मतं दिली. मे १८५०मध्ये विधानसभेने जवळपास तीस लाख लोकांचा मताधिकार काढून घेतला. मग २ डिसेंबर १८५१ला सत्ता बळकावताना त्याच माणसाला मताधिकाराचा कैवारी म्हणून उभं राहता आलं. मार्क्सने उत्पादनसंबंध विसरून हे लिहिलं का? तुकड्यातुकड्यांत विभागलेली, गहाण पडलेली जमीन त्या साऱ्या कथेच्या मुळाशी आहे. पण ती दिसते ती कथेतून. कोसंबींची व्याख्या मी पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातला कालक्रमाचा आग्रह, जो आम्ही नेहमी ओलांडून जात होतो, मला पहिल्यांदा तितकाच महत्त्वाचा वाटला.

डाव्यांमध्ये हा वाद नवा नाही, हेही मला नंतर कळलं. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये संग्रहालयं, जुनी घरं, जत्रा, जुन्या वस्तूंचा छंद यांची लाट आली तेव्हा पॅट्रिक राइट आणि रॉबर्ट ह्युइसन यांच्यासारख्या टीकाकारांनी ‘वारशाच्या धंद्या’वर कडक टीका केली: भूतकाळ गुळगुळीत करून विकला जातोय, त्यातला संघर्ष काढून टाकला जातोय. त्या टीकेला सर्वांत ताकदीचं उत्तर दिलं ते राफाएल सॅम्युएल यांनी, १९९४च्या ‘थिएटर्स ऑफ मेमरी’मध्ये. हे सॅम्युएल म्हणजे कम्युनिस्ट घरात वाढलेले इतिहासकार. ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात कामगार संघटनांतून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता त्यांनी ‘हिस्टरी वर्कशॉप’ ही चळवळ उभी केली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इतिहास ही अनेक हातांनी घडणारी सामाजिक ज्ञानसंपदा आहे. विद्यापीठाबाहेर लोक भूतकाळाशी जे काही करतात त्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या डाव्याला लोकांबद्दलच अविश्वास आहे. हे वाचून मी बराच अस्वस्थ झालो. कारण अभ्यासवर्गात येणारी नर्स, कुरिअरवाला, कॉल सेंटरमधली मुलगी यांना सहाशे पानांचं पुस्तक वाचायला वेळ नाही, हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे प्रवासातले दोन तास आणि मोकळे कान होते. त्या कानांवर पडणारं सगळंच मी आधीच उथळ ठरवून टाकलं होतं.

आणि मग आपल्या घरचा दाखला. जोतीराव फुल्यांनी १८६९मध्ये शिवाजी महाराजांचा इतिहास सांगायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पवाडा लिहिला. १८७३ची ‘गुलामगिरी’ म्हणजे जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो, पहिला शंका काढतो, दुसरा पुन्हा सांगतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी गावोगाव वाचून दाखवला. ज्या समाजाला अक्षरांपासून दूर ठेवलं होतं त्याच्यापर्यंत इतिहास कानांवाटेच जाणार, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं. लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी तेच केलं. अण्णा भाऊंनी तर स्टालिनग्राडचा पवाडा रचला. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही १९८८ची पुस्तिका मुळात एका व्याख्यानातून आली आणि तिच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या. ती छोटी आहे, सोपी आहे, विद्वत्तेचा बडेजाव तिच्यात नाही. पण राजाची महती ती रयतेशी, शेतसाऱ्याशी, वतनदारांशी जोडून सांगते. २०१५मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इतकी साधी मांडणी किती खोल जाऊ शकते, याबद्दल त्यानंतर शंका उरायला नको होती.

म्हणून ‘उथळ’ हा आरोप मी आता करत नाही. त्याच्या जागी मी एक प्रश्न ठेवला आहे: या कथेत कारण कुठे ठेवलंय? आवाज हलका आहे की जड, भाग चाळीस मिनिटांचा आहे की पुस्तक सहाशे पानांचं, यावर खोली ठरत नाही. कथेतला मुख्य माणूस मनातल्या मनात बाजूला काढून बघावा. तो काढल्यावर घडलेल्या गोष्टीचं काही स्पष्टीकरण उरतं का?

आपल्याच मातीतलं उदाहरण घेतो. १८७६ ते ७८च्या दुष्काळावर कुणी पॉडकास्ट करायचा म्हटलं तर कथा आयती तयार आहे. १ जानेवारी १८७७ला व्हाइसरॉय लिटन दिल्लीत राणीला सम्राज्ञी घोषित करण्यासाठी भव्य दरबार भरवतो, त्याच वेळी दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसं भुकेने मरत आहेत. सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे असं ठरवतो. याहून चांगला खलनायक नाटकातही सापडणार नाही. ऐकणाऱ्याला संताप येईल आणि तो योग्यच असेल. पण लिटनला बाजूला काढलं तर उरतो तो दुष्काळाआधीच कर्जात रुतलेला शेतकरी. लिटनच्या येण्याआधीच, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले होते आणि कर्जखतं मागून जाळत होते. माणसांपेक्षा कागदांवर राग का? इथून खरी कथा सुरू होते. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या भल्यासाठी म्हणून. त्यामुळे सावकार मुदत संपण्याआधी नवं खत लिहून घेऊ लागला, आणि दर खेपेला व्याज मुद्दलात जाऊ लागलं. अमेरिकेच्या यादवी युद्धाने १८६१ ते ६५ या काळात कापसाचे भाव चढवले, पत वाढली, कर्ज वाढलं. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून इंदापूरपासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि धारा चढला. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन सावकार जमिनीपर्यंत पोहोचू शकत होता. खत जाळणारा शेतकरी या साऱ्या यंत्रणेचं मर्म ओळखून होता.

कारण कुठे ठेवायचं हा प्रश्न किती गंभीर आहे ते इथे कळतं. सुप्याच्या दंग्याचं कारण सावकाराच्या लोभात ठेवलं, तर पुढच्याच वाक्यात त्याची जात आणि प्रांत येतो, आणि कथा द्वेषाकडे वळते. कारण मुदतीचा कायदा, धारा, कापूस आणि कोर्ट यांत ठेवलं, तर तोच संताप राज्यव्यवस्थेकडे वळतो. दोन्ही कथा तितक्याच रंगतदार सांगता येतात.

हाच निकष मी आमच्या अभ्यासवर्गांनाही लावला, आणि तो लावल्यावरच मत पूर्ण बदललं. ‘साम्राज्यवादी लुटीमुळे दुष्काळ पडला’ असं आम्ही सांगत होतो आणि वाक्य तिथेच संपत होतं. लिटनच्या जागी साम्राज्यवाद आला, पण तोही एक दुष्ट माणूस असल्यासारखाच कथेत वावरत होता. तो कोणत्या कायद्यातून, कोणत्या भावातून, कोणत्या कागदातून शेतकऱ्याच्या दारात आला, हे आम्ही सांगत नव्हतो. शब्द मोठा असला की मांडणी खोल होते हा समज आम्ही जपला होता. मला आता ‘रेव्होल्यूशन्स’चं हैतीचं पर्व आमच्या त्या व्याख्यानांपेक्षा जास्त भौतिकवादी वाटतं, आणि हे लिहिताना माझा हात कचरत नाही.

माझ्या अगदी जवळच्या एका ज्येष्ठ साथीचा आक्षेप अजून कायम आहे. गोष्ट ऐकून माणूस तृप्त होतो, संघटित होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. ऐकणं एकट्याने होतं आणि संघटना चारचौघांत होते. तसंच, बाजारावर चालणारं माध्यम जमाबंदी आणि मुदतीच्या कायद्यासारखे विषय आपणहून हाती घेणार नाही, आणि पुरावा दाखवण्याची शिस्तही त्याच्या अंगात नाही. हे सगळे आक्षेप मी आजही मांडतो. फक्त त्यांचा रोख मी ऐकणाऱ्याकडून आणि गोष्टीच्या प्रकाराकडून काढून विषयाची निवड, पैशाचा स्रोत आणि पुराव्याची जागा यांकडे वळवला आहे. एकट्याने ऐकलेलं चारचौघांत आणणं हे तर अभ्यासवर्गाचं कामच आहे. आमच्या वर्गात आता आधी एक भाग ऐकून यायला सांगतो. मग विचारतो: मुख्य माणूस काढला तर काय उरतं? कुणाचा आवाज यात आलाच नाही? आणि हे खरं आहे हे आपण कशावरून ठरवायचं? या प्रश्नांवर जी चर्चा होते ती आमच्या जुन्या टिपणांवर कधी झाली नव्हती.

मराठीत इतिहास ऐकणारे कान लाखोंनी आहेत. त्यांच्यापर्यंत आज गडकिल्ल्यांच्या, लढायांच्या, दगाफटक्यांच्या कथा पोहोचतात; सुप्याची कर्जखतं पोहोचत नाहीत. इंदापूरची फेरआकारणी, सार्वजनिक सभेने गोळा केलेले दुष्काळाचे अहवाल, दुष्काळी कामांवरून उठून गेलेले मजूर, हे सगळं क्रमाने, पुराव्यासकट आणि ऐकत राहावंसं वाटेल असं मराठीत सांगायला हवं. ते काम उथळ आहे म्हणून टाळायचा अधिकार डाव्यांना नाही. आमच्यातले काही जण ते हाती घेत आहेत, आणि ज्या साथींना मी पूर्वी अशा गोष्टींपासून दूर राहायला सांगितलं त्यांना मी आता मदतीला बोलावतो आहे.